न पडलेला धोंडा

लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली, दाताचा डॉक्टर आत आला, आणि आरशात बघून टाय सारखा करता करता, तिच्याकडे मान न वळवताच म्हणाला, "काय मग मॅडम? पडला का तुमचा धोंडा?" चौथ्या मजल्यावरची बाई मुलीला शाळेत सोडायला निघाली होती, तिनं तोंडावर हात ठेवला. मुलगी खुशाल खिदळली. झालं ते एवढंच. डॉक्टर काही वाईट माणूस नव्हता. बाबांची दाढ ठणकत होती तेव्हा सुट्टीच्या दिवशी दवाखाना उघडून त्यानं ती काढून दिली होती. लिफ्ट तळमजल्याला टेकली, सगळे आपापल्या वाटेला लागले, ती फाटकापर्यंत आली आणि तिथेच थबकली. कारण तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की आपण हसलो. डॉक्टरनं विचारलं आणि आपलं तोंड आपल्याला न विचारता हसलं. वर "नाही हो, अजून तरी नाही," असंही म्हणून मोकळं झालं. हे हसू तिचं नव्हतं. कुणाचं होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं, जन्मभर तिनं त्या हसण्याचा रागराग केला होता, आणि आज सकाळी ते तिच्याच ओठांवर ठाण मांडून बसलं होतं. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. डॉक्टरची गाडी फाटकातून बाहेर पडली, त्यानं आतून हात हलवला, आणि पुन्हा, शपथेवर सांगायचं तर पुन्हा, तिचाही हात वर झाला.

हसू बाबांचं होतं. बाबा नगरपालिकेत इमारती तपासायचे. शर्टाच्या खिशात पेन आणि पँटच्या खिशात एक छोटी हातोडी, लाकडी दांड्याची. भिंतीला, खांबाला, जिन्याला हलकेच ठोकायचे आणि कान लावून ऐकायचे. गावातलं मोठं थिएटर त्यांनी असंच एकदा ऐकलं, आणि सुट्ट्यांच्या ऐन गर्दीत, तिकिटं विकली गेलेली असताना, बाल्कनी बंद करायला लावली. मालक अंगावर धावून आला. वर्तमानपत्रात बाबांचा फोटो आला, त्याखाली प्रश्नचिन्ह. शेवटी मालकानं तणतणत बाल्कनीखाली लोखंडी खांब उभे केले आणि खेळ पुन्हा सुरू झाले. बाल्कनी पडली नाही. कशी पडणार? खाली खांब होते. पण लोकांना बाल्कनी दिसत नव्हती, लोकांना खांब दिसत होते. खालच्या रांगेत ज्याच्या नाकासमोर खांब यायचा तो अख्खा खेळ मान वाकडी करून बघायचा आणि बाहेर येताना बाबांचा उद्धार करायचा. अशी रोजची तीस-चाळीस माणसं, वर्षानुवर्षं. त्यातूनच बाबांना नाव पडलं, पडली-का. भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत जो तो विचारायचा, "काय साहेब, पडली का?" आणि बाबा हसायचे. "नाही हो, अजून तरी नाही." तिला शाळेत पडली-काची पोरगी म्हणायचे. ती घरी येऊन दप्तर आपटायची, बाबांना म्हणायची, तुम्ही त्यांना काही बोलत का नाही, आणि बाबा तिच्याकडे बघूनही तेच हसायचे. तेव्हा तिला वाटायचं, एकदा पडावी ती मेली बाल्कनी. धडाधड पडावी, भरल्या थिएटरात पडावी. आठव्या-नवव्या वर्षी तिनं खरंच असं मागितलं होतं, उशीत तोंड खुपसून, आणि मग आत बसलेली माणसं डोळ्यांसमोर आली तशी घाबरून उठून बसली होती. बाबांना खरं ठरायला माणसं मरायला हवी होती. हा कुठला न्याय? चाळिशी उलटली तरी तिला याचं उत्तर मिळालं नव्हतं, आणि आता तर तो प्रश्नच तिच्या पगारावर येऊन बसला होता.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. तिनं उजवा तळवा उघडून बघितला. परवाची निळी शाई अजून पुरती गेली नव्हती, रेघांच्या आत साचून राहिली होती. ऑफिसात पांढरा फळा होता आणि त्या फळ्याची एक रीत होती. आकाशातून पृथ्वीच्या वाटेत येऊ शकेल असा एखादा धोंडा सापडला की त्याचा आकडा फळ्यावर लिहायचा, अमक्यात एक. आणि ज्याच्या कामामुळे तो आकडा शून्यावर येईल त्यानं तो स्वतःच्या हातानं पुसायचा. डस्टरनं नाही, तळहातानं. कुणी पाडली ही रीत कोण जाणे. नवीन आलेल्यांना पोरकटपणा वाटायचा, आणि पहिल्यांदा पुसायची पाळी आली की तेच दिवसभर हात धुवायला तयार नसायचे. परवा तिनं पुसला होता तो आकडा आजवरचा सगळ्यात मोठा होता. पन्नासात एक. धोंडा एका शहराएवढं भगदाड पाडेल असा, चौदा वर्षांनी यायचा. चौदा वर्षं म्हणजे भरपूर वेळ, उलट त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. ऐनवेळी कळलं तर नुसतं पळायचं. पण इतक्या आधी कळलं तर एक यान पाठवून त्याला बाजूनं ढुशी देता येते. फार मोठी नाही. गर्दीत कोपरानं सारतात तेवढी. एवढ्याशा ढुशीनं वाट तसूभर सरकते आणि चौदा वर्षांत त्या तसूचे हजारो मैल होतात. आयुष्यात तिला याहून सुंदर काही माहीत नव्हतं. नवऱ्याला एकदा उत्साहानं सांगायला गेली तेव्हा तो म्हणाला होता, "बापरे," आणि विचारलं होतं की गॅसवर दूध ठेवलंयस का.

आकडा वाढत गेला ते तीन आठवडे मात्र गावात दुसरा विषय नव्हता. आणि इथेच त्यांच्या ऑफिसचं गाढवपण, तिनं ते कधी नाकारलं नाही. धोंडा नवा सापडलेला असतो तेव्हा त्याच्या वाटेबद्दल फार थोडं माहीत असतं. तो ह्या लांबलचक पट्ट्यातून कुठूनही जाईल, एवढंच सांगता येतं, आणि त्या पट्ट्यात पृथ्वी म्हणजे एक ठिपका. रोज नवे फोटो येतात, पट्टा आखूड होतो, पृथ्वी तेवढीच राहते. मग तिचा वाटा वाढणारच, आकडा चढणारच. आणि एक दिवस पट्टा इतका आखडतो की पृथ्वी त्याच्या बाहेर राहते आणि आकडा धाडकन शून्य. बहुतेक वेळा हे असंच होतं, आणि ऑफिसला त्याची इतकी सवय झालेली की आकडा चढायला लागला की तिच्या शेजारच्या टेबलावरचा लंबूटांग सहकारी, ज्याला सगळे पेन्सिल म्हणत, तो म्हणायचा, "चढला, आता उतरेल," आणि चहा सांगायचा. रोज संध्याकाळी आकडा जाहीर करायचा ही ऑफिसची जुनी शिस्त. आजवर तो कुणी वाचत नव्हतं, म्हणून ती शिस्त कुणाला खुपलीही नव्हती. या वेळी वाचला. दोनशेत एक, मग शंभरात एक, मग ऐंशीत एक. धोंडा जागच्या जागी होता, त्याची वाट तीच होती, यांचं अज्ञान तेवढं कमी होत होतं. पण लोकांना वाटलं तो जवळ येतोय. वाटणारच! तिनं साधं करून लिहिलं होतं: घराची किल्ली हरवलीय, चार खोल्यांपैकी तीन शोधून झाल्या, मग ती चौथीत असण्याची शक्यता वाढली की नाही? किल्ली हलली का? नाही. आणि चौथीतही नसली तर दाराला लटकत असेल. जनसंपर्कवाल्या अधिकाऱ्यानं ते खोडलं. म्हणाला, "लोकांना किल्ल्या कशाला सांगता? संस्थेची पत काय राहील?" मग संस्थेची पत राखत नुसता आकडा गेला, आणि टीव्हीवाल्यांनी त्याच्यामागे आगीचे लोळ लावले.

लोकांनी काय काय केलं! पडलाच तर धोंडा ज्या किनाऱ्यावर पडेल असं पट्ट्यावरून दिसत होतं तिथल्या माणसांनी घरं विकायला काढली. चौदा वर्षांनंतरच्या धोंड्यापायी ठरलेली लग्नं मोडली. चौथ्या मजल्यावरच्या बाईनं साबणाचे आणि बिस्किटांचे इतके पुडे मागवले की ते अजून लिफ्टमधून वर चाललेत. आणि हा दातांचा डॉक्टर, हाच, मध्यंतरी जिन्यात तिचा हात धरून कुजबुजला होता, "खरं काय ते मला एकट्याला सांगा, मॅडम. मुलाला परदेशी धाडू का?" तेव्हा डोळ्यांत भीती होती. त्या भीतीचा तिला राग नव्हता, भीती खरी असते. राग होता तो नंतरच्या हसण्याचा. घाबरल्याची लाज वाटली की माणसं ज्यानं घाबरवलं त्याचा सूड घेतात, पण तिनं कुठे घाबरवलं होतं? आणि लोकांचे दात किडू नयेत म्हणून दिवसातून दोनदा घासा असं भिंतीवर लिहून ठेवणारा हा माणूस! ज्याचे किडले नाहीत तो येऊन ह्याच्या दवाखान्यात जाब विचारतो का, की कुठे आहे तुमची कीड? बस सिग्नलला थांबली. शेजारच्या बाईनं तिच्याकडे चमकून बघितलं, तेव्हा तिला कळलं की शेवटचं वाक्य आपण मोठ्यानं बोललो.

सगळ्यात जास्त सलत होतं ते वेगळंच. आकडा शून्यावर आणला तिनं. त्यासाठी तिनं आभाळात काही शोधलं नव्हतं, उलट न सापडण्याची वाट बघत बसली होती. डोंगरावर त्यांची एक जुनी दुर्बीण होती, तिचे पूर्वीचे फोटो तळघरात साठवलेले. तिनं गणित उलटं केलं: धोंडा जर खरंच पृथ्वीवर आदळणार असेल, तर सात वर्षांपूर्वी अमुक दिवशी तो आभाळात अमुक एका ठिकाणी असलाच पाहिजे. त्या दिवसाचा, त्या तुकड्याचा फोटो होता का? होता. दुर्बिणीनं तो दुसऱ्याच कशासाठी तरी घेतला होता. तिनं तो मोठा करून पडद्यावर आणला आणि त्या जागी बोट ठेवलं. तिथे काही नव्हतं. आजूबाजूला बारीक बारीक तारे, धोंड्याहूनही मंद, हवे तेवढे, आणि त्या जागी स्वच्छ काळोख. तिनं पुन्हा पुन्हा तपासलं, पेन्सिलला बसवून तपासायला लावलं. तोही म्हणाला, "रिकामं आहे." धोंडा तिथे नव्हता, म्हणजे तो त्या वाटेवर नव्हता, म्हणजे तो येणार नव्हता. ती खुर्चीतच बसून रडली होती, चांगली हुंदके देऊन. पेन्सिलनं पाण्याचा ग्लास आणून दिला आणि पाठ फिरवून उभा राहिला. मग तिनं उठून तळव्यानं आकडा पुसला. घरी जाताना तिला वाटत होतं, आता कुणीतरी म्हणेल. कुणीही, रस्त्यावरचा अनोळखी माणूससुद्धा. फार नाही, दोनच शब्द: बरं झालं. एखाद्याचा ताप उतरला तरी म्हणतात. घरी नवरा टीव्हीसमोर बसला होता, तो म्हणाला, "अगं, म्हणजे तुमचं चुकलंच होतं की!"

ऑफिसात साहेबांनी केबिनचं दार स्वतः लावलं, तेव्हाच तिला कळलं की आता गोड बोलणार. साहेब म्हणजे संस्थेचे संचालक. कोणे एके काळी त्यांनीही फळा पुसला होता, तो तळवा त्यांनी दोन दिवस न धुता मिरवला होता, हे तिनं स्वतः बघितलं होतं.

"बस. चहा घेणार? वरून निरोप आलाय," ते म्हणाले. "दुपारी पत्रकारांना बोलावलंय. तू दोन मिनिटं बोलायचंस. गणितात चूक झाली, लोकांना मनस्ताप झाला, संस्थेच्या वतीनं माफी मागते. संपलं."

"पण चूक झाली नाही, सर."

"ते मला माहितीये."

"पन्नासात एक हे तेव्हा बरोबर होतं. शून्य हे आता बरोबर आहे."

"अगं बाई, मला शिकवू नकोस," साहेब कातावले, आणि लगेच आवाज खाली आणला. "डोंगरावरची दुर्बीण बंद करायची फाईल वर पडून आहे. लोक ओरडताहेत, कशाला पोसता ह्यांना म्हणून. तू माफी मागितलीस की लोक गप्प बसतील आणि ती फाईल तशीच झोपेल. दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे. तुझ्या बापाचं काय जातं?"

म्हणायला म्हणून ते म्हणाले, त्यांच्या मनात काही नव्हतं. तिच्या मात्र डोक्यात कळ गेली. बापाचं काय गेलं ते मला विचारा! "मी माफी मागितली," ती सावकाश म्हणाली, सावकाश बोललं नाही तर ओरडू अशी तिला भीती होती, "आणि पुढच्या खेपेला पट्टा आखडत गेला आणि पृथ्वी आतच राहिली. मग? आपण सांगायला जाऊ आणि लोक म्हणतील, ह्यांचं मागेही चुकलं होतं. कोण ऐकणार? ढुशी द्यायला यान कोण बांधणार?"

"दुर्बीणच नसेल तर दिसणार कुणाला तो?" साहेब म्हणाले. "आंधळ्याचं ऐकतात का लोक?"

संतापाचं होतं ते हेच. साहेब खोटं बोलत नव्हते. बाहेर आली तर पेन्सिल वाट बघत होता. त्यानं चहा सांगितला. फळ्यावर आकडा होता तिथे निळसर डाग राहिला होता, तिच्या तळव्याच्या आकाराचा. ती तिथे उभी राहून थंड होत चाललेला चहा प्यायली आणि तिला ते थिएटर आठवलं. गेल्या वर्षी ते पाडायला काढलं. बाबा म्हणाले, जाऊन येऊ या. काठी टेकत आले. ती मनातून कुठेतरी आस धरून होती की बाल्कनी उघडी पडेल, आतल्या सळया गंजून भुगा झालेल्या दिसतील, ती चार माणसांना दाखवेल की बघा, माझा बाप खोटं बोलत नव्हता. ते पोचेपर्यंत बाल्कनी पाडून मलबा ट्रकांत भरून गेला होता. नुसती धूळ, आणि मधोमध ते लोखंडी खांब, डोक्यावर काही नसलेले. बाबा बराच वेळ बघत राहिले. तिकडून एक म्हातारा चालला होता, त्यानं बाबांना ओळखलं आणि टाळी द्यायला हात पुढे करत म्हणाला, "काय साहेब! पडली म्हणायची शेवटी!" आणि बाबा हसले. त्या दिवशी घरी येईपर्यंत ती त्यांच्याशी बोलली नव्हती.

दुपारी खालच्या सभागृहात बसायला जागा उरली नाही. दिव्यांच्या उजेडानं तिचे डोळे दिपले. साहेबांनी प्रास्ताविक केलं, फार छान केलं, आणि माइक तिच्याकडे सरकवला. माफीचं ते वाक्य तयार होतं, तोंडपाठ होतं, ओठांवर आलं होतं. तिनं ते म्हटलंही असतं. पण तेवढ्यात मागच्या रांगेतून एक माणूस उभा राहिला. पत्रकार नव्हता. अंगात प्रवासानं चुरगळलेला शर्ट, हातात पिशवी. म्हणाला, किनाऱ्यावरचा आहे, सायकली दुरुस्त करायचं दुकान होतं, वडिलांच्या हातचं; घाबरून मिळेल त्या भावाला विकलं. आता ज्यानं घेतलं तो परत द्यायला तयार नाही. "मी काही शिकलेला नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज चिडलेला नव्हता, थकलेला होता. "मला एवढंच सांगा मॅडम. पडला का तो?"

सभागृह हसलं. पुढच्या रांगेतले हसले, कॅमेऱ्यामागचा पोरगा हसला, साहेबांच्याही ओठांचा कोपरा हलला. तो माणूस मात्र हसत नव्हता. आणि तिला आपले गाल ताणले जाताना कळलं. येत होतं ते, तेच हसू, आतून वर येत होतं, अजून तरी नाही हो, म्हणायला. तिनं दात एकमेकांवर घट्ट दाबले. जबडा दुखेपर्यंत दाबले. हसू गेलं.

"नाही पडला," ती म्हणाली. "पडणारही नाही. तुमचं दुकान गेलं याचं मला फार वाईट वाटतं, आणि त्यात आम्हीच कमी पडलो. आकडा नुसता भिरकावला, तो का चढतोय ते तुम्हाला कुणी सांगितलं नाही. ते सांगायला हवं होतं. त्याची माफी मागते, अगदी मनापासून मागते. पण आकडा चुकला नव्हता." साहेबांनी टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला. तिनं किल्लीची गोष्ट सांगितली, चार खोल्यांची, सगळी. सांगताना आवाज चढत गेला, तिला तो आवरावासा वाटला नाही. "तुम्ही हसता," ती समोरच्या रांगेला म्हणाली. "कशाला हसता? पडला नाही म्हणून? एवढं वाईट वाटतंय तुम्हाला? ज्या डोंगरावरच्या दुर्बिणीनं तो हुडकला तिच्याच जुन्या फोटोनं दाखवलं की तो येत नाहीये. ती दुर्बीण नसती तर तुम्ही आजही घाबरलेले असतात, नाहीतर काहीच माहीत नसलेले, आणि त्यातलं दुसरं जास्त भयंकर आहे. चूक झाली असं मी म्हणणार नाही. मी म्हटलं तर पुढच्या वेळी तुम्ही ऐकणार नाही."

"म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा असंच सांगणार?" पुढच्या रांगेतल्या कुणीतरी विचारलं, चेष्टेनंच.

"सांगणार," ती म्हणाली. "पन्नासात एक असला तर सांगणार, हजारात एक असला तरी सांगणार. तुम्ही हसलात तरी."

सायकलवाला उभाच होता. त्यानं मान डोलावली, पटलं म्हणून की नुसतीच, कळलं नाही, आणि पिशवी घेऊन बाहेर पडला. जिन्यात साहेब तिला गाठून म्हणाले, "शाबास. घातलीस कुऱ्हाड." संध्याकाळच्या आत निरोप आला: दुर्बिणीची फाईल वर मागवलीय, आणि उद्यापासून आकडे जाहीर करायचं काम तिच्याकडे नाही. पेन्सिलनं तिची पर्स तिच्या हातात दिली आणि म्हणाला, "त्या फाईलीवर सही व्हायला चार-सहा महिने तरी लागतील. तेवढ्यात फोटोत मावेल तेवढं आभाळ काढून घेऊ." तिला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण तो इतका उंच होता की ते जमलं नसतं.

घरी नवऱ्यानं दार उघडलं, तिच्याकडे बघितलं, काही म्हणायला तोंड उघडलं आणि शहाण्यासारखं मिटून चहा टाकायला गेला. बाबा गॅलरीत आरामखुर्चीत होते, टीव्ही बंद. ती त्यांच्या पायाशी स्टुलावर जाऊन बसली. खाली चौथ्या मजल्यावरची मुलगी सायकल फिरवत होती.

"बघितलंत?" तिनं विचारलं.

"बघितलं की."

"बाबा, तुम्ही का हसायचात?" हे तिनं आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, म्हणजे रागानं नाही, विचारायचं म्हणून.

बाबांनी खुर्चीच्या हातावर बोटानं हलकेच ठोकलं, जुन्या सवयीनं, आणि ऐकल्यासारखं केलं. "दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या तरी घरात शिरायचं असायचं ना," ते म्हणाले. "भांडकुदळ माणसाला आत कोण घेणार? हसलं की दार उघडतात. मग आतले खांब, तुळया ठोकून बघता येतात." थोडं थांबून त्यांनी गालाला, दाढ काढली होती त्या बाजूला, हात लावला. "ही दाढ काढली तेव्हा तो खालचा डॉक्टर म्हणाला, आजोबा, पार झिजलीय, तुम्ही झोपेत दात खाता का? म्हटलं, झोपेत नाही रे बाबा. चांगला जागेपणी खात आलोय."

एवढी वर्षं तिला वाटत होतं की त्यांना काही लागलंच नाही. तिनं त्यांचा हात हातात घेतला, खरखरीत, हातोडीच्या घट्ट्याचा, आणि आपल्या शाईच्या तळव्यात धरून ठेवला. दुर्बीण जाणार होती. कदाचित जाणार नव्हती. सायकलवाल्याला दुकान परत मिळणार नव्हतं. तिच्या जबड्यात दुपारची कळ अजून होती.

"मग?" बाबा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी खट्याळ चमकलं, आणि त्यांनी आवाज काढला तो भाजीवाल्याचा, पोस्टमनचा, खांबामागून मान वाकडी करून आलेल्या त्या सगळ्यांचा. "पडला का गं?"

तिला हसू आलं. हे तिचंच होतं. "नाही, बाबा," ती म्हणाली. "नाही पडला."

बाबांनी खुर्चीला पाठ टेकली.

"बरं झालं," ते म्हणाले.